आर-२२ संपलं म्हणे? जुने एसी, दूध-कूलर आणि ओझोनचा हिशोब (बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी)

उद्यमबाग_फिटर (धागाकर्ता)

खडेबाजारपासून शहापूरपर्यंत सध्या एकच गप्पा: आर-२२ या एसी-कूलरमधल्या थंड करणाऱ्या गॅसवर बंदी आली, जुना एसी भंगारात घाला. गिऱ्हाईकही तेच ऐकून येतंय. यातलं अर्धं खरं आहे, अर्धं नवीन माल विकणाऱ्यांनी जोडलेलं. आधी ठरलंय काय ते बघू.

ओझोन वाचवायच्या माँट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. आर-११, आर-१२ हे सीएफसी (क्लोरोफ्लोरोकार्बन) गॅस २०१० पर्यंत बंद झाले. आर-२२ हा एचसीएफसी (हायड्रोजनही असलेल्या) गटातला, त्याला जास्त मुदत मिळाली. २००९ आणि २०१० च्या सरासरी वापराला आधार धरून २०१३ मध्ये वापर गोठवला, मग २०१५ ला १० टक्के कपात, २०२० ला ३५, २०२५ पासून ६७.५ आणि २०३० ला ९७.५ टक्के. उरलेले अडीच टक्के २०४० पर्यंत, तेही चालू यंत्रांच्या दुरुस्तीपुरते.

ही कपात देशात तयार होणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या मालावर आहे. तुमच्या भिंतीवरच्या एसीवर नाही. नवीन यंत्रं आर-२२ वर बनवणं २०२४ अखेर थांबलं, पण जुनं वापरायला किंवा दुरुस्त करायला कुणी अडवत नाही. फरक एवढाच की गॅस वर्षागणिक कमी येणार. म्हणजे जो गॅस आज यंत्रात आहे तो हवेत सोडणं हे ओझोनचं नुकसान आहेच, धंद्याचंही आहे.

आपल्या भागात अजून आर-२२ कुठं आहे? जुने विंडो आणि स्प्लिट एसी, चिकोडी-अथणी पट्ट्यातले जुने बल्क मिल्क कूलर, आइस कँडीचे कारखाने, मिठाईवाल्यांच्या खव्या-कुंद्याच्या थंड खोल्या. मोठी कोल्ड स्टोरेजं बहुतेक अमोनियावर चालतात, त्यांचा या धाग्याशी संबंध नाही.

जाणकारांनी भर घालावी.

रसायन_सर

चांगला धागा. ओझोन का फुटतो ते थोडं मांडतो, कारण ते कळलं की सिलिंडरवरचा आकडा बघूनच गॅसची जात ओळखता येते.

आकड्यात ९० मिळवा. येणाऱ्या तीन अंकांत पहिला कार्बन, दुसरा हायड्रोजन, तिसरा फ्लोरीन. एका कार्बनला चार जागा असतात, दोन कार्बन असतील तर सहा, तीन असतील तर आठ. हायड्रोजन आणि फ्लोरीन बसवून ज्या जागा उरल्या त्या क्लोरीनच्या.

आर-१२ घ्या: १०२. कार्बन एक, हायड्रोजन शून्य, फ्लोरीन दोन, म्हणजे क्लोरीन दोन. आर-२२: ११२. हायड्रोजन एक, फ्लोरीन दोन, क्लोरीन एक. आर-१३४ए: २२४. कार्बन दोन, हायड्रोजन दोन, फ्लोरीन चार, सहाही जागा भरल्या, क्लोरीन नाही. आर-३२: १२२, क्लोरीन नाही. आर-२९०: ३८०, तीन कार्बन आणि आठ हायड्रोजन, म्हणजे सरळ प्रोपेन. ४०० आणि ५०० च्या मालिका ही मिश्रणं, तिथं हा हिशोब चालत नाही. ६०० आणि ७०० च्या मालिकांनाही नाही.

आता दोनच प्रश्न. क्लोरीन किंवा ब्रोमीन आहे का? आणि हायड्रोजन आहे का? क्लोरीन नसेल तर ओझोनला धोका नाही. फ्लोरीन सुटला तरी तो लगेच हायड्रोजन फ्लोराइड होऊन बसतो, पुन्हा फेऱ्यात येत नाही. हायड्रोजन असेल तर खालच्या हवेतले हायड्रॉक्सिल कण त्या रेणूला तिथंच कुरतडतात. म्हणून आर-२२ हवेत सरासरी १२ वर्षं टिकतो, तर आर-१२ सुमारे १०० वर्षं. शंभर वर्षं म्हणजे वर स्थितांबरात, ओझोन असतो त्या थरात, पोचायला भरपूर वेळ.

वर गेल्यावर लघु लांबीचे अतिनील किरण कार्बन आणि क्लोरीनमधला बंध तोडतात. सुटलेला क्लोरीन ओझोनमधला एक ऑक्सिजन उचलतो, क्लोरीन मोनॉक्साइड होतो, मग एका सुट्या ऑक्सिजन अणूशी भेट झाली की तो ऑक्सिजन सोडून पुन्हा मोकळा. स्वतः खर्च होत नाही. असा एक अणू एक लाखापर्यंत ओझोनचे रेणू संपवू शकतो. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी हे १९७४ मध्ये मांडलं, १९९५ चं रसायनाचं नोबेल त्यांना पॉल क्रुट्झन यांच्यासोबत मिळालं.

सीएफसी-११ ला १ धरून बाकीच्यांची ओझोन फोडण्याची ताकद मोजतात, तिला ओडीपी म्हणतात. आर-२२ ची ०.०५५. म्हणजे एक किलो आर-२२ सोडला तर तो ५५ ग्रॅम आर-११ सोडल्यासारखा. कमी वाटतं. पण तापमानवाढीच्या मोजपट्टीवर तोच किलो १८०० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडएवढा आहे.

चोर्ला_घाट

सर, एक जुनी शंका. हे गॅस हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड. सिलिंडरमधून सोडला तर जमिनीवर पसरतो हे डोळ्यांनी दिसतं. मग पंधरा-वीस किलोमीटर वर जातोच कसा? आणि क्लोरीनच म्हणाल तर समुद्राच्या मिठात ढिगानं आहे, ज्वालामुखीत आहे. फ्रीजवाल्यांनाच का धरायचं?

रसायन_सर

जड गॅस खाली बसतो तो वारा नसलेल्या खोलीत, काही वेळ. उघड्या हवेत वारा, ढगांतले चढते झोत, वादळं सगळं ढवळतात. जवळजवळ १०० किलोमीटर उंचीपर्यंत हवा वजनानुसार थरांत बसत नाही, मिसळलेलीच राहते. तसं नसतं तर जड कार्बन डायऑक्साइड आपल्या पायाशी साचून राहिला असता. शिवाय बलून आणि विमानांनी वरच्या हवेचे नमुने घेतलेत, त्यात सीएफसी सापडतात.

मिठाचा क्लोरीन पाण्यात विरघळतो, तो पावसानं धुऊन खाली येतो. कणकुंबीच्या पावसातून कुठलं मीठ वर जाईल? ज्वालामुखीच्या हायड्रोजन क्लोराइडचंही बहुतांश तेच होतं. सीएफसी पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून त्यांना पाऊस अडवत नाही.

सीमावासी

मग भोक अंटार्क्टिकावरच का? तिथं तर फ्रीजच्या दुकानांची काय गर्दी नाही.

रसायन_सर

गॅस जगभर सारखा मिसळतो, थंडी मात्र तिथंच जास्त. हिवाळ्यात दक्षिण ध्रुवावर वाऱ्याचा भोवरा आतली हवा कोंडून धरतो आणि आत स्थितांबराचं तापमान उणे ७८ अंशांच्या खाली जातं. तेव्हा तिथं बारीक ढग तयार होतात. एरवी क्लोरीन दोन निरुपद्रवी रूपांत अडकून असतो, क्लोरीन नायट्रेट आणि हायड्रोजन क्लोराइड. त्या ढगांच्या कणांवर या दोघांची गाठ पडते आणि क्लोरीन वायू मोकळा होतो. सप्टेंबरात सूर्य उगवला की तो फुटतो आणि ओझोन भराभर संपतो. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाच्या फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन यांनी हॅली केंद्रावरची मोजणी १९८५ मध्ये छापली तेव्हा हे उघड झालं. दोन वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ ला, माँट्रियल करार झाला.

मोजमाप डॉबसन एककात होतं. डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवर आणून दाबला तर थर जेमतेम ३ मिलिमीटरचा होईल, म्हणजे ३०० डॉबसन. २२० च्या खाली गेला की त्याला भोक म्हणतात. आपल्या अक्षांशावर मुळातच ओझोन थोडा कमी, पण भोक नाही. व्हॉट्सॅपवर "बेळगाववर ओझोनचं भोक" असं काही आलं तर पुढं ढकलू नका.

दूधगंगा_कूलर

आता कामाचं बोला. बल्क कूलर दुरुस्तीला गेलं की पहिलं काम काय, तर सर्व्हिस व्हॉल्व्ह उघडून गॅस फुर्रर. तासाभरात काम होतं म्हणून सगळे असंच सोडायलेत. रिकव्हरी, म्हणजे गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत घेणं, कशी करायची ते कुणी नीट लिहील का?

उद्यमबाग_फिटर

लिहितो. रिकव्हरी मशीन, दोन व्हॉल्व्हचा रिकव्हरी सिलिंडर, मॅनिफोल्ड गेज, होजमध्ये लावायचा छोटा फिल्टर ड्रायर आणि वजनकाटा. काटा नसेल तर सुरूच करू नका.

आधी सिलिंडर किती भरणार ते काढा. सिलिंडरवर पाणी-क्षमता लिटरमध्ये लिहिलेली असते. तिचे ८० टक्के घ्या आणि त्याला द्रव गॅसच्या घनतेनं गुणा. आर-२२ ची घनता २५ अंशाला लिटरमागे साधारण १.१९ किलो. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ११ किलोच्या वर जाऊ नका. पूर्ण भरलेला सिलिंडर उन्हात राहिला की आतल्या द्रवाला फुगायला जागा उरत नाही आणि दाब एकदम चढतो. टाकी फुटायचं कारण हेच.

मशीन बंद असताना होज जोडा, होजमधली हवा आधी काढा. पहिल्यांदा द्रवाच्या बाजूनं ओढा, वेळ वाचतो. मग वाफ. गेज शून्यावर आलं की मशीन थांबवून पाच मिनिटं थांबा. दाब परत वर चढला तर तेलात विरघळलेला गॅस अजून सुटतोय, पुन्हा ओढा. सिलिंडर बर्फाच्या पाण्यात ठेवला तर आतला दाब पडतो आणि काम लवकर होतं. चिकोडीच्या मे महिन्यात तर ठेवाच.

एक सिलिंडर, एकच गॅस. आर-२२ मध्ये थोडा आर-१३४ए गेला तरी तो सगळा सिलिंडर कचरा झाला. मिसळलेलं वेगळं करणं गावपातळीवर शक्य नाही. आणि मोटर जळालेल्या कॉम्प्रेसरचा गॅस कधीच चांगल्या सिलिंडरमध्ये घेऊ नका. त्यात आम्ल असतं, पुढच्या तीन यंत्रांची वाट लागेल.

स्प्लिट_अण्णा

घराच्या स्प्लिटला मशीनचीही गरज नाही. जागा बदलताना पंप डाउन करायचं. एसी कूलिंगवर चालू, आउटडोअरच्या जाड व्हॉल्व्हला गेज. बारीक व्हॉल्व्ह ॲलन कीनं पूर्ण बंद करा. कॉम्प्रेसर इनडोअरमधला गॅस ओढून आउटडोअरमध्ये साठवतो. गेज शून्याच्या जरा वर असतानाच जाड व्हॉल्व्ह बंद, लगेच एसी बंद. दीड टनाच्या आर-२२ स्प्लिटमध्ये साधारण एक ते दीड किलो गॅस असतो, तो सगळा वाचतो.

धोका एकच, पण मोठा. कॉम्प्रेसर चालू असताना फ्लेअर नट सैल करू नका, आणि पाइप कुठं फुटलेला असेल तर पंप डाउनच करू नका. आत हवा ओढली गेली की हवा आणि तेल दाबाखाली तापतं आणि कॉम्प्रेसर स्फोटासारखा फुटतो. आर-४१०ए आणि आर-३२ ला दाब जास्त, तिथं तर ही चूक अजिबात नको.

कॅपिलरी

वरचं सगळं बरोबर. पण आपल्या भागात गॅस वाया जाण्याचं खरं कारण वेगळं आहे, व्हॅक्यूम. नीट व्हॅक्यूम झालं नाही, म्हणजे आतली हवा-ओल पंपानं पूर्ण काढली नाही, म्हणून कॅपिलरी (गॅसची बारीक नळी) चोक, म्हणून परत गॅस सोडला, परत भरला. हे चक्र खानापूरला पावसाळ्यात जास्त दिसतं.

आधी उंचीचा घोळ. पुस्तकात लिहिलंय, काटा ३० इंचाला यायला हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. इथं हवेचा दाबच ९२५ मिलिबारच्या आसपास, म्हणजे पारा सव्वासत्तावीस इंच. परिपूर्ण निर्वात केलं तरी गेज सव्वासत्तावीसच दाखवणार. निपाणी थोडी खाली म्हणून तिथं २८ च्या जवळ. पंप खराब आहे म्हणून नवीन घेऊ नका, आणि "सत्तावीसला आलं म्हणजे झालं" असंही समजू नका. काट्याच्या गेजवर शेवटचा अर्धा इंच कळतच नाही, आणि पाणी त्याच अर्ध्या इंचात लपलेलं असतं.

कारण बघा. २५ अंशाला पाणी उकळायला दाब २४ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली जावा लागतो. म्हणजे २४,००० मायक्रॉन. एवढ्यावर फक्त उकळायला सुरुवात. पाइपच्या भिंतीला आणि तेलाला चिकटलेलं पाणी काढायला ५०० मायक्रॉनपर्यंत खाली जावं लागतं. मायक्रॉन गेज नसेल तर हे दिसतच नाही.

५०० ला आल्यावर पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा मिनिटं बघा. आकडा चढून हजार-दीड हजारावर थांबला तर आत ओल आहे. चढतच राहिला तर गळती आहे. ओल असेल तर कोरडा नायट्रोजन थोड्या दाबानं भरा, काही मिनिटं थांबा, सोडा आणि परत व्हॅक्यूम. असं तीनदा. पंपाचं तेल दुधाळ दिसलं की बदला. पावसाळ्यात सुरुवातीला गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा घेणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवा. फ्रीजचाच कॉम्प्रेसर पंप म्हणून वापरणारे आहेत, त्यांच्या फ्रीजचं आयुष्य देवाच्या हाती.

ओल राहिली की काय होतं: फ्रीज गार होतो, मग कॅपिलरीच्या तोंडाशी बर्फाचा खडा बसतो, कूलिंग बंद. वितळलं की पुन्हा चालू. गिऱ्हाईक म्हणतं, कधी चालतो कधी नाही. ते थर्मोस्टॅट नव्हे, पाणी. आर-१३४ए च्या पॉलिएस्टर तेलाला तर ओल फार लवकर लागते आणि त्यातून आम्ल तयार होतं. तेलाचा डबा उघडा ठेवू नका, कॉम्प्रेसरचे बूच शेवटच्या मिनिटाला काढा.

उंचीचा आणखी एक परिणाम. गेज शून्य म्हणजे इथलीच हवा. त्यामुळं त्याच तापमानाला आपल्याकडं गेज समुद्रकाठापेक्षा साधारण सव्वा पीएसआय जास्त दाखवतं. आर-१३४ए उणे २६ अंशाला पणजीत शून्य दाखवेल, इथं सव्वा. एसीला काही फरक पडत नाही, तिथं सक्शन (कॉम्प्रेसरकडं परत येणाऱ्या गॅसचा दाब) ६५ ते ७० पीएसआय. फ्रीजला पडतो, कारण तिथला सगळा खेळच शून्याच्या आसपास. म्हणून फ्रीज दाबावर भरू नका, वजनावर भरा.

सीमावासी

हा प्रतिसाद वेगळा धागा करून वर चिकटवून ठेवा की ओ कुणीतरी.

स्प्लिट_अण्णा

+१. एक भर. गळती शोधायची जुनी हॅलाइड टॉर्च आर-१३४ए, आर-४१०ए, आर-३२ ला चालत नाही. तिची ज्योत हिरवी होते ती क्लोरीनमुळं, या गॅसांत क्लोरीनच नाही. जळणाऱ्या गॅसजवळ तर ती पेटवायचीच नाही. साबणाचं पाणी नाहीतर इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर. दाबाची चाचणी फक्त नायट्रोजननं. ऑक्सिजन सिलिंडर जोडला आणि आत तेल असलं तर स्फोट, यात "कदाचित" नाही.

आणि लाइनमध्ये गॅस असताना ब्रेझिंग करू नका. आर-२२ ज्योतीत गेला की हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन फ्लोराइड आणि थोडा फॉसजीनही तयार होतो. नाकाला झोंबलं तर कामाची सवय समजू नका, बाहेर पळा.

दर उन्हाळ्याला "टॉप-अप" मारणाऱ्यांसाठी: बंद यंत्रात गॅस खर्च होत नसतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय. दहात आठ वेळा फ्लेअर नट. तो काढा, फ्लेअर कापून नवीन करा, मग भरा.

निपाणीकर

गॅस महाग झाला की एक नवीन धंदा सुरू होतो. आर-२२ च्या एसीत घरगुती सिलिंडरचा गॅस भरून देतो म्हणणारे. थंड होतोय म्हणे, ओझोनलाही काही होत नाही. खरंय का?

कॅपिलरी

थंड होतो, कारण प्रोपेन हा उत्तम शीतक आहे. ओझोनला खरंच काही होत नाही. पण घरगुती गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, प्रमाण दर सिलिंडरला वेगळं, म्हणून दाब किती येईल याचा भरवसा नाही. वासासाठी घातलेलं गंधकाचं मर्कॅप्टन, ओल आणि इतर घाण कॉम्प्रेसरमध्ये जाते ती वेगळीच.

आणि आगीचा हिशोब करा. १.२ किलो आर-२२ च्या जागी प्रोपेन साधारण अर्धा किलो बसतो. १० बाय १२ फुटांची खोली, गळती झाली, जड असल्यामुळं गॅस खालच्या तीन फुटांत साचला. ती जागा १० घनमीटर, म्हणजे घनमीटरमागे ५० ग्रॅम. प्रोपेन पेट घ्यायला ३८ ग्रॅम पुरतात. मग कुणीतरी येऊन फ्रीजचं बटण दाबतं.

कंपनीनं आर-२९० साठीच बनवलेला एसी वेगळा. त्यात गॅस कमी बसवलेला असतो, स्विच-रिले ठिणगी न पडणारे असतात. जुन्या यंत्रात हे काहीच नसतं. खोट्या आर-१३४ए चाही धोका लक्षात ठेवा. २०११ च्या सुमारास अशा मालात क्लोरोमिथेन म्हणजे आर-४० सापडला, त्यानं ॲल्युमिनियमशी संयोग होऊन हवेत आपोआप पेटणारं संयुग तयार होतं. जहाजांवरच्या रेफ्रिजरेटेड कंटेनरचे स्फोट त्यातूनच झाले.

उद्यमबाग_फिटर

घरगुती फ्रीजचं थोडक्यात. आता बरेच आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. कॉम्प्रेसरवर ज्वालेचा पिवळा त्रिकोण असतो. भरणा ४०-६० ग्रॅमचा. एवढ्यात ५ ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्के, म्हणून एक ग्रॅम दाखवणारा काटा हवा. सक्शन बाजू चालताना वातावरणाच्या दाबाखाली असते, त्यामुळं तिथं गळती असेल तर गॅस बाहेर येत नाही, हवा आत जाते. साबणाचं पाणी लावायचं तर यंत्र बंद करून दाब सारखा झाल्यावर लावा. पाइप कटरनं कापा, टॉर्चनं सोडवू नका. जोडायला लोकरिंग (ज्योतीशिवाय दाबून बसवायचा जोड), नाहीतर नायट्रोजननं धुवून मगच ज्योत. दारं-खिडक्या उघडी.

भंगार_गल्ली

गॅसबद्दल बोलताय पण फ्रीजच्या भिंती विसरलात. जुन्या फ्रीजच्या पफ फोममध्ये आर-११ असायचा, आणि कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये जितका त्याहून जास्त. नंतर आर-१४१बी आला, तोही भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद. आता सायक्लोपेंटेन. भंगारात पत्रा काढायला फोम कुऱ्हाडीनं फोडतात किंवा जाळतात, तेव्हा हे सगळं हवेत. रसायन_सरांचं गणित लावा: १४१ मध्ये ९० मिळवले की २३१, म्हणजे दोन क्लोरीन.

ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि फ्रीज-एसी त्यात येतात. नोंदणी असलेल्या पुनर्वापरकर्त्याकडं अख्खं यंत्र गेलं पाहिजे, कॉम्प्रेसर काढून घेतलेला सांगाडा नव्हे. प्रत्यक्षात कॉम्प्रेसरचं तांबं आधी जातं, हे सगळ्यांना माहीत आहे.

निपाणीकर

तंबाखूच्या गोदामांत धुरी देतात, त्यातही ओझोनवाला गॅस असतो असं ऐकलंय.

रसायन_सर

तो मिथाइल ब्रोमाइड. ब्रोमीन अणूमागे क्लोरीनपेक्षा सुमारे ६० पट घातक. आपल्यासारख्या देशांत २०१५ नंतर त्याचा वापर फक्त क्वारंटाइन आणि निर्यातीपूर्वीच्या धुरीपुरता राहिला. गोदामात सहसा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. ३ ग्रॅमची गोळी १ ग्रॅम फॉस्फीन सोडते. त्यात क्लोरीन-ब्रोमीन नाही, ओझोनचा प्रश्न नाही. माणसाला मात्र तो जीवघेणा, आणि तांब्याच्या तारा खातो. गोदामातले वायरिंगचे टोक काळे पडलेले दिसले तर कारण तेच.

उद्यमबागच्या फौंड्रीवाल्यांसाठी एक सांगतो. कास्टिंग बाहेर पाठवताना लाकडी पेटीवर आयएसपीएम-१५ (लाकडी पेट्यांचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का लागतो. त्यात एमबी लिहिलं असेल तर लाकडाला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलीय, एचटी असेल तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता ३० मिनिटं. दोन्ही मान्य आहेत, पण युरोपातले बरेच खरेदीदार एमबी घेत नाहीत. पेटीवाल्याला आधीच एचटी सांगा.

चोर्ला_घाट

एवढं सगळं करून उपयोग होतोय का, की नुसते करार?

रसायन_सर

होतोय. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या मूल्यमापनानुसार ओझोन १९८० च्या पातळीवर अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास येईल, आर्क्टिकवर २०४५ ला, बाकी जगात २०४० ला. मध्येच चोरीही झाली. २०१२ नंतर सीएफसी-११ चं उत्सर्जन कमी व्हायचं तर वाढलं. मोजणाऱ्यांनी ते पकडलं, २०१८ मध्ये छापलं, आणि त्यातला मोठा भाग पूर्व चीनमधून येतोय हे २०१९ मध्ये दाखवलं. त्यानंतर ते घटलं.

नवीन गॅस ओझोनला सोडतात पण तापमानवाढ करतात. कार्बन डायऑक्साइडला १ धरला तर आर-४१०ए चा आकडा २०८८, आर-४०४ए चा ३९२२, आर-३२ चा ६७५. म्हणून २०१६ ला माँट्रियल करारात किगाली दुरुस्ती झाली, या गॅसांच्याही कपातीसाठी. भारतानं ती २०२१ मध्ये मान्य केली. आपला आधार २०२४ ते २०२६ चा, २०२८ ला गोठवणूक, मग २०३२ ला १० टक्के, २०३७ ला २०, २०४२ ला ३०, २०४७ ला ८५.

दूधगंगा_कूलर

शेवटचं विचारतो. आर-२२ चा बल्क कूलर, सेमी-सील्ड कॉम्प्रेसर, चांगला चालतोय. दुसऱ्या गॅसवर बदलायचा का? आणि कुठल्या?

उद्यमबाग_फिटर

गळती नसेल तर हात लावू नका. गळतोय, कॉइल बदलावीच लागतेय, तर आर-४०७सी. दाब आर-२२ च्या जवळचा. आर-४०४ए कुणी सुचवेल, घेऊ नका. दाब जास्त आणि वरचा ३९२२ आकडा बघा. आर-४०७सी चा १७७४, म्हणजे उष्णतेच्या बाबतीत आर-२२ सारखाच, पण ओझोन वाचतो.

आधी आर-२२ रिकव्हर करून ठेवा, तो दुसऱ्या कूलरला लागेल. मिनरल तेल काढा, पॉलिएस्टर भरा, थोडं चालवून तेही बदला, मिनरलचा अंश पाच टक्क्यांखाली येईपर्यंत. फिल्टर ड्रायर नवा, जुने ओ-रिंग नवे. भरणा आर-२२ च्या वजनाच्या ९० ते ९५ टक्के. मिश्रण असल्यामुळं सिलिंडर उलटा करून द्रवच काढायचा. वाफ काढली तर हलका घटक आधी जातो आणि प्रमाण बिघडतं. पण सक्शनला द्रव एकदम घालू नका, गेजचा व्हॉल्व्ह जेमतेम उघडून थेंबाथेंबानं, नाहीतर कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह तुटतील. एक्स्पान्शन व्हॉल्व्हचं सुपरहीट (सगळ्या गॅसची वाफ झाल्यावर ती आणखी किती अंश तापते ते) परत लावा. शेवटी कूलरवर नवीन गॅसचं आणि तेलाचं नाव रंगवून लिहा.

घरच्या दीड टनाच्या रोटरी कॉम्प्रेसरला हे करत बसू नका. त्याला तेल काढायचं बूचच नसतं, कॉम्प्रेसर काढून उलटा करावा लागतो. तिथं गळती काढा, राहिलेला आर-२२ वापरा, आणि कॉम्प्रेसर गेला की नवीन यंत्र घ्या.

दूधगंगा_कूलर

समजलं. सुपरहीट किती ठेवू? दूध ४ अंशाला उतरवायचंय.

उद्यमबाग_फिटर

व्हॉल्व्हच्या बल्बपाशी ५ ते ६ अंश. आर-४०७सी ला ग्लाइड आहे, म्हणजे एकाच दाबाला उकळणं एका तापमानाला सुरू होतं (बबल पॉइंट) आणि जास्त तापमानाला संपतं (ड्यू पॉइंट), म्हणून तक्त्यातला ड्यू पॉइंटचा रकाना बघून मोजा, बबल पॉइंटचा नाही. चुकीचा रकाना बघितला तर सुपरहीट पाच-सहा अंश जास्त दिसतं आणि व्हॉल्व्ह उगाच जास्त उघडला जातो.